काचेच्या दोन्ही बाजूंना

१९७०च्या डिसेंबरात ब्रिटनमध्ये रेडिओ लावला की कुणी ट्रंक कॉलवरून गातंय असं वाटायचं. आवाजातला खर्ज काढून घेतलेला, वरची झळाळी पुसलेली, मधला नाकातला भाग तेवढा शिल्लक. गाणं होतं ‘आय हिअर यू नॉकिंग’ आणि गायक कार्डिफचा, २६ वर्षांचा डेव्ह एडमंड्स. सहा आठवडे ते पहिल्या क्रमांकावर होतं. नाताळही त्याचाच गेला.

गाणं मात्र त्याचं नव्हतं. न्यू ऑर्लिन्सच्या स्मायली लुईसनं ते १९५५ सालीच गाजवलं होतं. एडमंड्सचं होतं ते बाकी सगळं. जवळजवळ सगळी वाद्यं त्यानंच वाजवली होती आणि आवाज असा चिमटीत धरायची कल्पनाही त्याचीच.

दोनच वर्षांपूर्वी, १९६८मध्ये, लोकांनी त्याला सुसाट गिटारवाला म्हणून ओळखलं होतं. ‘लव्ह स्कल्प्चर’ या तिघांच्या बँडनं खाचातुरियनच्या बॅलेमधला ‘सेबर डान्स’ गिटारवर अशा वेगानं वाजवला, की रेकॉर्ड पाचव्या क्रमांकावर पोचली. पण गिटारच्या वेगात तो अडकून पडला नाही. त्याला ओढ लागली ती रॉकफील्ड स्टुडिओची.

वेल्समधल्या मॉनमथजवळ चार्ल्स आणि किंग्जली वॉर्ड या भावांच्या घरची दुभत्या गाईंची शेती. संगीताच्या वेडापायी त्यांनी तिथेच राहून रेकॉर्डिंग करता येईल असा स्टुडिओ उभारला. एडमंड्स तिथे शिकला आणि मग तिथून हलेचना. काम तसं चिवट. एका वेळी एकच वाद्य. आधी ड्रम्स. मग टेप मागे घ्यायची, हेडफोन चढवायचा आणि स्वतःचेच ड्रम्स ऐकत गिटार वाजवायची. पुन्हा टेप मागे. ट्रॅक भरले, की दोन-चार एकत्र करून एकावर उतरवायचे आणि मोकळ्या जागेत पुढचं वाद्य भरायचं. मेख अशी, की एकदा मिसळलेलं पुन्हा सुटं होत नाही. आमटीत मीठ पडल्यासारखंच ते. ड्रम्स किती ठेवायचे, गिटार किती, हे गाणं पुरतं ऐकू येण्याआधीच ठरवून टाकावं लागतं. त्यासाठी गाणं आधी डोक्यात वाजावं लागतं.

१९७३मध्ये त्यानं याच पद्धतीनं ‘बेबी आय लव्ह यू’ आणि ‘बॉर्न टू बी विथ यू’ केली. अमेरिकेत फिल स्पेक्टर खोलीभर वादक कोंबून जो भरगच्च ध्वनी काढायचा, तो या पठ्ठ्यानं शेतावर बसून थरावर थर चढवत उभा केला. दोन्ही गाणी पहिल्या दहांत आली.

एकटेपणाचा कंटाळा म्हणा किंवा आणखी काही, पुढची काही वर्षं तो माणसांत रमला. निक लो, बिली ब्रेम्नर आणि ड्रमर टेरी विल्यम्स यांच्याबरोबरचा त्याचा बँड म्हणजे ‘रॉकपाइल’. एडमंड्स आणि लो यांचे करार वेगवेगळ्या कंपन्यांशी, त्यामुळे मंचावर एक असलेला बँड रेकॉर्डवर कधी याच्या नावानं निघायचा, कधी त्याच्या. १९७९मध्ये ‘गर्ल्स टॉक’ चौथ्या क्रमांकावर गेलं, तेही एल्विस कॉस्टेलोचं गाणं. रॉकपाइलच्या स्वतःच्या नावाचा एकुलता एक अल्बम १९८०मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी बँड मोडला.

याच सुमारास तो स्टुडिओच्या काचेपलीकडे, निर्मात्याच्या खुर्चीतच जास्त दिसू लागला. न्यूयॉर्कहून लंडनला आलेल्या ‘स्ट्रे कॅट्स’च्या पोरांची पहिली गाजलेली गाणी त्यानंच ध्वनिमुद्रित करवून घेतली. एव्हर्ली बंधूंचा १९८४चा पुनरागमनाचा अल्बमही त्याच्याच हातचा. स्वतः गाणी त्यानं फारशी लिहिली नाहीत, आणि त्याबद्दल त्याला कमी लेखणारेही होते. पण जुनं गाणं नव्यानं कसं ऐकू यावं, हे ठरवणंही रचनाच असते.

१९७०च्या त्या गाण्यात गिटार वाजत असताना तो मध्येच काही नावं पुकारतो: फॅट्स डॉमिनो, स्मायली लुईस, चक बेरी, ह्यूई स्मिथ. आजूबाजूला बँड नाही, आणि हा एकटा टेपसमोर आपल्या गुरूंची नावं घेतोय. १९८५मध्ये लंडनच्या एका टीव्ही स्टुडिओत रॉक अँड रोलच्या पहिल्या पिढीतल्या कार्ल पर्किन्सचा कार्यक्रम झाला. जॉर्ज हॅरिसन, रिंगो स्टार, एरिक क्लॅप्टन अशी मंडळी भोवती होती आणि संगीताची जबाबदारी एडमंड्सकडे होती. पर्किन्सचं नाव त्या जुन्या यादीत नव्हतं, पण घराणं तेच. फरक इतकाच, की या वेळी नाव पुकारल्यावर समोरून उत्तर मिळालं.