जर्मनची नाव आणि पितळेचा स्क्रू

"जर्मनच्या गंजाले कधी गंज लागते का जी?"

दिघोरीला आमच्या अंगणात जुनी बारा फुटी अ‍ॅल्युमिनियमची नाव उतरवली, त्या दिवशी शेजारच्या काकाजींनी विचारलेला हा प्रश्न. आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियम म्हणजे 'जर्मन', आणि गंज म्हणजे आधी भात शिजवायचे भांडे, मग लोखंडावरचा तांबेरा. प्रश्न बिनतोड वाटतो. पण नाव उलटी केली तर तळावर पिठासारखी पांढरी पुटे होती आणि ती खरवडल्यावर खाली टाचणीचे टोक रुतेल असे खड्डे.

आमचा लाखांदूर तालुका धानाचा आणि तलावांचा. मालगुजारीच्या काळातले मामा (माजी मालगुजारी) तलाव, त्यांतले शिंगाडे, मासे आणि ढिवरांचे लाकडी डोंगे हे इथले रोजचे दृश्य. त्यामुळे डोंगा कसा दुरुस्त करावा याचे ज्ञान गावात भरपूर आहे: फटीत चिंधी ठोका, वर डांबर ओता. लोखंडाचे ज्ञान तर चौकातल्या वेल्डिंगच्या दुकानात उभ्या उभ्या मिळते. घोटाळा असा की लाकडाचे आणि लोखंडाचे औषध जर्मनला चालत नाही. मी ऐकलेले, आणि सुरुवातीला स्वतःही धरून बसलेले, बहुतेक गैरसमज या एकाच मुळातून फुटलेले आहेत.

गंजाचेच पाहा. अ‍ॅल्युमिनियमवर तांबेरा चढत नाही हे खरे, कारण तांबेरा हे लोखंडाचे ऑक्साइड. अ‍ॅल्युमिनियम उघडे पडताच हवेतला ऑक्सिजन घेऊन स्वतःवर ऑक्साइडचा अतिपातळ पापुद्रा चढवते, आणि लोखंडाच्या तांबेऱ्यासारखा तो सुटून पडत नाही, खालच्या धातूला घट्ट धरून राखतो. मात्र हे कवच साधारण ४ ते ८.५ सामू असेल तिथपर्यंतच टिकते. आंबट फार झाले तरी विरघळते, चुन्या-सोड्यासारखे अल्कली फार झाले तरी विरघळते. म्हणून राखेने किंवा धुण्याच्या सोड्याने नाव लखलखीत घासणे म्हणजे तिचे चिलखत उतरवणे. ओल्या सिमेंटच्या ठोकळ्यावर ती टेकवून ठेवणेही तेच. आणि ओला पालापाचोळा तळाला महिनोन्‌महिने चिकटून राहिला, की त्याखाली हवा पोचत नाही, कवच पुन्हा धरत नाही आणि खड्डे पडतात. आमच्या नावेचे तेच झाले होते. साधे पाणी, भांडी घासायचा सौम्य साबण आणि नायलॉनचा ब्रश एवढे पुरते. तारेचा लोखंडी घासणा नको. त्याचे कण पत्र्यात रुतून बसतात.

आता पितळ. आमचा भंडारा जिल्हा पितळी भांड्यांसाठी नावाजलेला, त्यामुळे घरात पितळेचे स्क्रू, पट्ट्या, कड्या सापडतातच. पितळही गंजत नाही, जर्मनही गंजत नाही, मग दोघांची सोयरीक का नको? कारण ओलाव्यात दोन वेगळे धातू टेकले की तिथे बॅटरी तयार होते आणि तिच्यात झिजतो तो दोघांतला जास्त सक्रिय धातू, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. पितळ मजेत राहते, त्याच्याभोवतीचा पत्रा पीठ होतो. तांब्याचे तेच, शिशाचेही तेच. जाळ्याची शिशाची वजने ओल्या तळात पडून राहिली तर खाली डाग धरतात. सुताराची पेन्सिलसुद्धा नको, कारण तिच्यातले ग्राफाइट तांब्याच्याच पंगतीतले. मी गळतीच्या जागा कानामागच्या पेन्सिलीने रंगवून बसलो होतो, त्या नंतर निमूट पुसल्या. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत, आणि तेही नायलॉनचा वायसर व थोडे सीलंट मध्ये घालून. बसायच्या फळीला प्लायवूड घेताना चौकशी करावी. काही प्लायवूडवर वाळवी-बुरशीसाठी चढवलेल्या औषधात तांब्याचे क्षार असतात.

गळती शोधायला नाव तलावात लोटून आत बसायचे, असा सर्वमान्य समज. त्यात पाय ओले होतात, गळती सापडत नाही. याच्या उलट करावे: नाव धानाच्या भुश्याने भरलेल्या पोत्यांवर नीट टेकवावी, बाहेरचा तळ कोरडा पुसून त्यावर खडूची भुकटी फासावी आणि आत चार बोटे पाणी भरावे. पाण्यात कपड्यांची नीळ टाकली की काम आणखी सोपे. आम्ही आडवे पडून बॅटरीच्या उजेडात खालून पाहत होतो. पाच मिनिटांत नावेच्या कण्याजवळच्या एका ओळीत निळे ठिपके उमटले, एकेका रिव्हेटपाशी एकेक, जणू कुणी रांगोळीला टिंबे दिली. पत्रा शाबूत होता. वर्षानुवर्षे हादरून रिव्हेटच सैल झाले होते. एक सावधगिरी: काठोकाठ भरू नका. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, आणि जमिनीवर त्या वजनाला खालून पाण्याचा आधार नसतो.

सैल रिव्हेट, कारागिरांच्या भाषेत 'रिपीट', बदलायलाच हवे असे नाही. एकाने आतून जड लोखंडी ठोकळा रिव्हेटवर दाबून धरायचा, दुसऱ्याने बाहेरून हातोडी मारायची. बहुतेक पुन्हा बसतात. (ठोकळा धरणाऱ्याच्या कानात कापसाचे बोळे असावेत, नात्यासाठी ते बरे.) बदलावेच लागले तर बाजारातला साधा पॉप रिव्हेट पाण्याखाली नको, त्याच्या मधल्या भोकातून पाणी येते, बंद टोकाचा मागावा. आणि डांबर किंवा कडक होणारी पुटी हा उपाय नव्हेच. बारा फुटांचा पत्रा ४० अंशांच्या फरकाने सुमारे साडेतीन मिलिमीटर वाढतो. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हातला पत्रा आणि थंडीतली पहाट यांत एवढा फरक सहज पडतो. कडक पुटी तडकते, डांबर वितळून सरकते आणि पुढच्या सीलंटलाही धरू देत नाही. लवचीक राहणारे पॉलियुरेथेन सीलंट वापरावे.

"वेल्डिंग मारून टाका" हा सल्ला देणाऱ्याला विचारावे, कोणते? अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण त्यावरचे ऑक्साइड वितळायला दोन हजारांवर अंश लागतात. शिवाय हा धातू लोखंडासारखा लाल होऊन इशारा देत नाही. दिसतो तसाच असतो आणि एकदम भोक पडते. आर्गॉन वायूवर चालणारे यंत्र आणि त्यावर बसलेला हात असेल तरच जावे.

रंगाबद्दल थोडक्यात. गोड्या पाण्यात रंग नसला तरी चालतो. हौस असेल तर लोखंडाचा रेड ऑक्साइड प्रायमर नको, तो जर्मनला धरत नाही. दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर घ्यावा. जुना रंग कोरडा घासू नये, त्यात शिसे असू शकते.

सगळ्यात घातक समज शेवटी, कारण बाकीचे फक्त पैसे घालवतात. "हलकी आहे, बुडणार नाही." अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या सुमारे एक तृतीयांश वजनाचे, पण पाण्याच्या २.७ पट जड. लाकडी डोंगा पाण्याने भरला तरी सहसा तरंगत राहतो, धरून राहायला मिळतो. पत्र्याची नाव भरली की सरळ तळ गाठते. म्हणून बैठकीखाली फोम असतो, आणि जुन्या नावेत तोच फोम पाणी पिऊन दगड झालेला असतो. आमच्या नावेतला पिळला तर बादलीभर पाणी निघाले. ६० किलोची नाव पाण्याखाली सुमारे ३८ किलोने खाली ओढते. इंजिन, सामान आणि धरून राहणारी माणसे त्यावर. तेवढी उचल देणारा बंद पेशींचा फोम ठासून घालावा. थर्माकोल नको, पेट्रोल सांडले की विरघळतो.

फोम घातल्यावर नाव आम्ही कमरेइतक्या पाण्यात नेली, बूच काढले आणि मुद्दाम भरू दिली. काठावर काकाजी उभे. आत-बाहेर पाणी सारखे झाले, नाव डुचमळली आणि तिचा काठ पाण्याच्या चार बोटे वर राहिला. काकाजी पायजमा वर खोचून आत आले, दोन्ही हात नावेच्या कडेवर ठेवून सगळे वजन टाकले. मग म्हणाले, "आता बूच लावा जी."