शत्रूच्या शब्दावर विश्वास : स्पेनमधल्या युद्धातला शिपाईधर्म

१६ जानेवारी १८०९ रोजी स्पेनच्या वायव्य टोकाला, कोरुन्ना बंदराजवळ, पन्नासाव्या ब्रिटिश पलटणीचा मेजर चार्ल्स नेपियर जबर जखमी होऊन फ्रेंचांच्या हाती सापडला. शिपाई त्याचा जीव घेणार एवढ्यात गिबेर नावाचा फ्रेंच ढोलवादक मध्ये पडला. या कैद्याची आई म्हातारी, विधवा आणि आंधळी आहे हे कळल्यावर मार्शल मिशेल ने याने त्याला मायदेशी जाऊ दिले. अट एकच : रीतसर कैदीबदल होईपर्यंत हाती शस्त्र धरायचे नाही. त्याच लढाईत ब्रिटिश सेनापती सर जॉन मूर पडला होता. त्याच्या स्मारकाचा हुकूम दिला तो शत्रूच्याच मार्शल सूल्तने.

त्याच वर्षी २८ जुलैला तालावेराला सकाळचा हल्ला परतल्यावर कडक उन्हात लढाई थांबली. दोन्ही फौजांमधून वाहणाऱ्या पोर्तिन्या ओढ्यावर दोन्हीकडचे शिपाई पाण्याला उतरले, काहींनी हात मिळवले, आणि दुपारी पुन्हा एकमेकांवर तुटून पडले. इथे ब्रिटिशांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला. पुढे माघार घेताना त्याला बरेच जखमी तालावेरातच सोडावे लागले. फ्रेंचांनी त्यांची नीट देखभाल केली.

या वागण्यामागे व्यवहारही होता. चौकीवरचा एक पहारेकरी टिपून लढाईचा निकाल बदलत नाही, उलट दोन्ही छावण्यांची झोप मात्र उडते. म्हणून विनाकारण गोळी झाडायची नाही, हा रिवाज पडला. चौक्यांदरम्यान तंबाखू आणि ब्रँडीची देवघेव चाले. कैद झालेल्या अधिकाऱ्याने पळून न जाण्याचा शब्द दिला, की त्याला कोठडीऐवजी ठरलेल्या गावात मोकळे राहता येई. सारी व्यवस्था त्या शब्दावर उभी होती. म्हणूनच १८०८ मध्ये बेनाव्हेंतेला पकडलेला फ्रेंच सेनानी लफेव्र-देनूएत शब्द मोडून १८१२ मध्ये इंग्लंडमधून पळाला आणि नेपोलियनने त्याला पुन्हा सेवेत घेतले, तेव्हा ब्रिटिशांना ते फार लागले.

पण या धर्माला कुंपण होते, आणि ते गणवेशाचे होते. ६ एप्रिल १८१२ च्या रात्री ब्रिटिश फौजेने फ्रेंचांच्या ताब्यातल्या बादाखोस शहराचा तट फोडला. आत राहणारे स्पॅनिश लोक दोस्तराष्ट्राचेच. तरीही पुढचे काही दिवस तिथे लूट, खून आणि बलात्कार चालले. गणवेशाशिवाय लढणाऱ्या गनिमी टोळ्यांचे लोक सापडले तर फ्रेंच त्यांना फासावर चढवत. टोळ्याही तितक्याच निर्दयपणे सूड उगवत.

युरोपबाहेर तर हे कुंपण आणखी उंच झाले. कोरुन्नाला शत्रूच्या दयेने वाचलेला तोच नेपियर १८४२ मध्ये पुण्याच्या फौजेचा प्रमुख होता. तिथून तो सिंधला गेला आणि १८४३ मध्ये त्याने तो प्रांत जिंकला. सिंध घेण्याचा आपल्याला हक्क नाही, असे त्याने स्वतःच आधी रोजनिशीत लिहिले होते.

युरोपातल्या त्या शिपायांचे औदार्य खरे होते, आणि ते मोलाचेच. पण समोरचा आपल्यासारखा दिसला तरच ते जागे होई. १८६४ च्या जिनिव्हा कराराने जखमी शत्रूची शुश्रूषा हे कर्तव्य ठरवले. युद्धात सापडलेल्या सामान्य नागरिकांसाठी स्वतंत्र करार व्हायला १९४९ साल उजाडले. सैन्याचा मान शोधायचा तर तो बादाखोससारख्या शहरांच्या गल्ल्यांत शोधावा, जिथे समोरच्याच्या हाती ना शस्त्र असते, ना हुद्दा.