मालवणास जातांना पंचांग पाहावें

सुटीचे दिवस जवळ आले कीं शहरांत घरोघरीं आगगाडीच्या वेळांची चर्चा सुरू होते. तिकिटें मिळालीं, उतरण्याची सोय झाली, म्हणजे सहलीची योजना पुरी झाली असा बहुतेकांचा समज असतो. थंड हवेच्या ठिकाणीं तो एक वेळ चालेल. समुद्रकांठीं मात्र खरें वेळापत्रक समुद्राचें असतें. तें न पाहतां गेलेल्याची सहल निदान अर्धी फुकट जाते, आणि क्वचित् प्रसंग जिवावरही बेततो. मालवणचें उदाहरण या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे.

प्रथम ऋतूचा विचार. भर पावसाळ्यांत सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात. जून-जुलैंत यांत्रिक नौकांच्या मासेमारीसही बंदी असते. त्या दिवसांत गेलेल्यास किल्लाही नाहीं आणि ताजी सुरमईही नाहीं. मे महिन्यांत आंबे-फणसांची चंगळ खरी, पण अंगाला घामाच्या धारा लागतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखाचा. गांवोगांवच्या जत्रांत रात्रभर दशावतारी नाटकें चालतात तींही याच दिवसांत. मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा मात्र आधीं विचारून घ्यावी. तिची तिथि ठरलेली नसते, देवीचा कौल घेऊन ती ठरवितात; आणि त्या सुमारास गाडींत जागा व गांवांत खोली मिळणें महाकठीण.

आतां भरती-ओहोटीकडे वळावें. चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरा उगवतो, आणि त्याच्यामागोमाग भरतीची वेळही तितकीच पुढें सरकते. यावरून किनाऱ्यावरील लोकांनीं एक सोपा हिशेब बसविला आहे. तिथीचा आंकडा घ्यावा व त्याची पाऊणपट करावी. तितक्या वाजतां पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारीं व पहाटे तीनच्या सुमारास भरती आणि नवाच्या सुमारास ओहोटी. हा हिशेब मुंबईस बरा जुळतो. मालवणास भरती त्याहून कांहीशी अगोदर येते. सुटींत घड्याळ घरीं ठेवावें असें पुष्कळ जण म्हणतात. खुशाल ठेवावें, पण पंचांग विसरूं नये.

याचा उपयोग काय? दांडीच्या किनाऱ्यासमोरील पद्मगडास पूर्ण ओहोटीच्या वेळीं पायीं जातां येतें. पण परतण्यास उशीर केला तर वाट पाण्याखालीं जाते. त्याहून महत्त्वाची गोष्ट स्नानाची. तारकर्लीची वाळू पाहून मुलें धांवत सुटतात. तेथून दक्षिणेस देवबागला कर्ली नदी समुद्रास मिळते. ओहोटीच्या वेळीं नदीचें व खाडीचें पाणी एकदमच बाहेर ओढलें जातें. त्या मुखाशीं कोणीही पाण्यांत उतरूं नये. मोकळ्या किनाऱ्यावरही लाटांनीं आणलेलें पाणी कधीं कधीं एखाद्या अरुंद पट्ट्यांतून वेगानें परत जातें. तेथें लाटा कमी फुटतात, आणि नवख्यास नेमकी तीच जागा शांत वाटते! अशा ओढींत सांपडल्यास किनाऱ्याकडे झगडत येऊं नये; कांठास समांतर पोहून तिच्याबाहेर पडावें आणि मग परतावें. पण मुळांत, पाण्यांत शिरण्यापूर्वीं तेथल्या कोळ्यास विचारण्यांत कसला कमीपणा आहे?

किल्ल्यासाठीं सकाळचा वेळ राखावा. शिवाजी महाराजांनीं १६६४ सालीं कुरटें बेटावर याची उभारणी सुरू केली. तटाचा घेर सुमारें तीन किलोमीटर असून पायाच्या दगडांत शिसें ओतलेलें आहे. चहूंकडे खारें पाणी असतां आंत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. राजाराम महाराजांनीं बांधलेलें शिवराजेश्वराचें मंदिरही तेथेंच आहे. २०२५ सालीं मराठ्यांच्या इतर अकरा किल्ल्यांसह याचा जागतिक वारसा यादींत समावेश झाला. अर्ध्या तासांत सर्व उरकणाऱ्या मंडळींनीं तटावरून थोडें तरी चालावें.

जेवणाचा बेतही समुद्रावरच अवलंबून. त्या दिवशीं जाळ्यांत काय आलें तें आधीं विचारावें. पापलेटाचा हट्ट धरून शिळें खाण्यापेक्षां ताजा बांगडा शतपटीनें बरा. तिरफळ घातलेलें बांगड्याचें कालवण भातावर घ्यावें. तिरफळ मात्र चावूं नये, बाजूस काढावें. कोंबडी-वड्यांची कीर्ति सर्वांस ठाऊक आहेच. शाकाहारी मंडळींनीं उगाच हिरमुसूं नये. काळ्या वाटाण्याचें सांबारें व आंबोळी, ओल्या काजूंच्या दिवसांत त्यांची उसळ, नारळाच्या गोड रसांतले शिरवाळे, आणि शेवटीं आमसुलाची सोलकढी, एवढें पानांत असल्यावर उणें तें काय?

कोंकण रेल्वेनें जाणाऱ्यांनीं कुडाळ स्थानकावर उतरावें. तेथून मालवण सुमारें तीस किलोमीटर. तीन पूर्ण दिवस हाताशीं असावेत, आणि त्यांपैकीं कोणत्या दिवशीं सकाळीं ओहोटी आहे हें घरूनच पाहून पद्मगडासाठीं तो दिवस राखावा. परततांना बाजारांतून गूळ-आल्याचें खाजें घ्यावें. तें प्रवासांत चांगलें टिकतें.