होळी ते होळी

महामारीच्या वर्षाची गोष्ट सांगताना बहुतेक जण २२ मार्च २०२० च्या जनता कर्फ्यूपासून सुरुवात करतात. आमच्या घरी ते वर्ष होळीलाच सुरू झाले. ९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले; त्याच दिवशी होळी होती आणि पिंपळगाव सराईजवळची सैलानी बाबांची यात्रा त्याआधीच रद्द झालेली होती. या यात्रेत नवसाच्या नारळांची होळी पेटते. माझे वडील तिथे नारळ विकत. माल उधारीवर उचललेला. पोती ओसरीवर तशीच पडून राहिली.

यात्रा म्हणजे केवळ भाविकांची गर्दी, अशी शहरी वाचकांची समजूत असते. आमचा जिल्हा मुख्यतः कोरडवाहू. कापूस-सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आगेमागे येतो आणि होळीपर्यंत संपतो. पुढे पेरणीपर्यंतच्या रिकाम्या महिन्यांत ज्यांना शेत नाही, त्यांना यात्राच जगवते. पाळणेवाले, बांगड्यावाले, रेवडी-फुटाणेवाले, सगळेच तिच्यावर अवलंबून.

२८ मार्चला बुलडाण्यात एक मृत्यू झाला. तो कोरोनाने झाल्याचे दुसऱ्या दिवशी कळले. मग रस्ते अडले आणि समुद्रापासून इतका दूर असलेला आमचा जिल्हा बेट झाला. अक्षय्य तृतीयेला भेंडवळला पीकपाण्याचे भाकीत ऐकायला शेतकऱ्यांची गर्दी जमते, ती जमली नाही. शेगावची पालखी पंढरपूरच्या पायी वाटेला लागली नाही. दहावीचा माझा भूगोलाचा पेपरही रद्द झाला. (आज मी भूगोलच शिकतो आहे, हा भाग वेगळा!)

जूनमध्ये मात्र लोणारने साऱ्या देशाचे लक्ष वेधले. सरोवर गुलाबी झाले! गावात कोणी प्रकोप म्हणाले, कोणी चमत्कार. कारण साधे होते. उन्हाळ्यात पाणी आटले, क्षारता वाढली आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीव माजले. त्यांच्या अंगचा रंग पाण्याला आला. पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीत हेच दिसले. एरवी बघ्यांची रीघ लागली असती. त्या साली लोकांनी तो रंग मोबाईलवरच पाहिला.

वडिलांनी नारळ हातगाडीवर घालून गल्लोगल्ली फिरवले, पुढे भाजी धरली. व्यापारी भला माणूस. तगादा लावला नाही, पण हिशेबही सोडला नाही. २० ऑगस्टला एसटी जिल्ह्याबाहेर धावू लागली, नोव्हेंबरात पाडव्याला मंदिरे उघडली. १५ जानेवारी २०२१ ला ग्रामपंचायतींचे मतदान झाले, तेव्हा रांगेत निम्म्यांचे मास्क हनुवटीवर होते. माझाही, हे कबूल केले पाहिजे.

फेब्रुवारीत विदर्भात रुग्ण पुन्हा वाढले. २८ मार्चला पुन्हा होळी आली आणि सैलानीची यात्रा पुन्हा रद्द झाली. वडिलांनी त्या वर्षी मालच भरला नव्हता. व्यापाऱ्याचे शेवटचे आठशे रुपये त्यांनी त्याच आठवड्यात चुकते केले आणि हातगाडीच्या चाकाला तेल घातले.