वसंताची पायवाट आणि चॉकलेटवाल्याचे दान

सोलापूर : सोलापुरात दोनच ऋतू असतात, उन्हाळा आणि कडक उन्हाळा, असा विनोद इथले लोक स्वतःवरच करीत असतात. त्यामुळे या शहरात वसंत येतो असे सांगितले, तर बाहेरगावचा माणूस हसण्याचीच शक्यता अधिक. फाल्गुन संपत आला की पारा चढू लागतो, एप्रिल-मे महिन्यांत तो चाळीस अंशांपलीकडे जातो, आणि दुपारी सात रस्ता चौकही काहीसा ओस पडतो. परंतु याच दिवसांत सकाळी लवकर त्या चौकातून विजापूर रस्त्याने दक्षिणेकडे चालू लागले, तर झाडांनी वेगळेच पंचांग धरलेले दिसते. ज्या झाडांवर पान उरलेले नाही, त्यांच्यावरच फुलांची गर्दी असते.

आपल्या पंचांगात वसंत ऋतू चैत्र आणि वैशाख या दोन महिन्यांचा. झाडे मात्र तेवढी वाट पाहत नाहीत. काटेसावर जानेवारीच्या अखेरीसच लाल होऊ लागते. तिच्यापाठोपाठ फेब्रुवारीत पळस आणि पांगारा पेटतात. मार्चमध्ये कडुनिंबाला बारीक पांढरा मोहर येतो. गुढीपाडव्याला गुळाबरोबर खाल्ली जाणारी कडुनिंबाची कोवळी फुले हा शहरी माणसाचा वसंताशी उरलेला बहुधा एकमेव घरगुती संबंध असावा. पुढे शिरीष, करंज आणि बहावा आपापल्या पाळीने येतात. रस्त्याकडेला सर्वांत ठळक दिसणारा गुलमोहर मात्र मूळचा मादागास्करचा. त्याच्या रंगाचे कौतुक जरूर करावे, पण त्याला इथल्या रानाचा प्रतिनिधी समजू नये.

पाणी नाही, ऊन वाढते आहे, अशा वेळी फुलण्याचे धाडस ही झाडे का करतात? पाने ही झाडाची पाणी गमावण्याची वाट असते. ती गळून पडली की बाष्पीभवन थांबते, खोडात आणि फांद्यांत साठलेला ओलावा शिल्लक राहतो आणि खोल गेलेली मुळे त्यात भर घालतात. त्या शिलकीवर कळ्या फुगतात. शिवाय पर्णहीन फांदीवरचे लाल फूल दुरून दिसते, आणि ते दिसावे लागते पक्ष्यांना. पळसाच्या फुलाला सुगंध नाही, ही त्याची उणीव मानली गेली आहे. वस्तुतः ती उणीव नव्हे. सुगंधाची भाषा प्रामुख्याने कीटकांसाठी असते, पक्षी रंग पाहून येतात. पळसाच्या फुलाची एक पाकळी पोपटाच्या चोचीसारखी बाकदार असते. संस्कृतातील 'किंशुक' या नावात 'हा पोपट तर नव्हे?' असा प्रश्नच दडलेला आहे. त्या पाकळीत परागकण असतात. तळाशी असलेल्या मधासाठी मैना, कावळे, शिंजीर झोंबतात आणि जाताना कपाळाला पराग लावून घेतात.

या मेजवानीला परदेशी पाहुणेही असतात. सोलापूरकर ज्यांना भोरड्या म्हणून ओळखतात, त्या गुलाबी मैना मध्य आशिया आणि पूर्व युरोपातून हिवाळ्यासाठी येतात. ज्वारीच्या शिवारात त्यांचे थवे उतरतात म्हणून शेतकरी त्यांच्यावर चिडून असतो. पण परतीच्या प्रवासापूर्वीच्या दिवसांत पळस, पांगारा आणि सावर यांच्या फुलांवरही त्या तुटून पडतात. एप्रिल सरेपर्यंत बहुतेक थवे निघून गेलेले असतात.

फुलण्याच्या घाईला आणखी एक कारण आहे. आज फूल आले, तर पावसापूर्वी बी तयार होते. सावरीची बोंडे एप्रिल-मे महिन्यांत उकलतात आणि कापूस वाऱ्यावर बी घेऊन जातो. पळसाची चपटी शेंग, जिच्यातील बीला पळसपापडी म्हणतात, ती मे-जूनमध्ये वाळून गळते. मृगाचा पहिला पाऊस पडतो तेव्हा बी जमिनीवर हजर असते.

हे झाले झाडांचे. रानफुले म्हणताच जी जमिनीलगतची फुले डोळ्यांपुढे येतात, त्यांच्याविषयी मात्र गैरसमज दूर केला पाहिजे. कास पठाराची छायाचित्रे पाहून सोलापूरच्या माळावर मार्चमध्ये गालिचा शोधायला जाणाऱ्याच्या पदरी निराशा येईल. माळाचा गालिचा पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिना-दीड महिन्यात असतो. वसंतात इथे फुले वेचून पाहावी लागतात. वाटेच्या कडेला जमिनीला चिकटून पसरलेली काटेरी भुईरिंगणी जांभळी फुले आणि त्यांच्या मध्यावर पिवळा ठिपका घेऊन बसलेली असते. जिला शेळीदेखील सहसा तोंड लावत नाही आणि जिची साल पूर्वापार कातडी कमावण्यासाठी वापरली जाते, ती तरवड पिवळीधमक असते. नेपतीचे पर्णहीन हिरवे झुडूप विटकरी फुलांनी भरते. रुई, पिवळा धोतरा आणि एकदांडी तर कोणत्याही उकिरड्यावर भेटतात. यांपैकी धोतरा आणि एकदांडी दूर अमेरिका खंडातून आलेली आहेत. वाघाटीच्या जाळीवर पांढरी फुले उमलतात आणि जुनी होता होता गुलाबी पडतात, त्यामुळे एकाच फांदीवर दोन रंग दिसतात.

अशी फुले पाहायची तर कुठे जावे? सात रस्त्यावरून सर्वांत जवळचे उत्तर विजापूर रस्त्यावर आहे. जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही 'कंबर तलाव' असलेला धर्मवीर संभाजी तलाव, त्या परिसरातील स्मृती उद्यान, आणि पुढे वनखात्याचे सिद्धेश्वर वनविहार. शहराबाहेर जाण्याची तयारी असेल, तर बार्शी रस्त्यावरील नान्नजचा माळ, तुळजापूरचा घाट आणि त्याहीपुढे येडशी-रामलिंगचे बालाघाटातील जंगल. घाटातील पळस पाहण्यासाठी होळीच्या आगेमागेचे आठ-पंधरा दिवस उत्तम. ऊन पाहता आठच्या आत परत फिरलेले बरे.

ही यादी वाचताना एक गोष्ट लक्षात येईल. यांतील जवळजवळ प्रत्येक जागा कोणीतरी राखून ठेवलेली आहे, कुठे वनखात्याने, कुठे सामाजिक वनीकरणाने, कुठे देवस्थानाच्या पुण्याईने. फुलांच्या वाटेने चालायचे तर आधी वाट शिल्लक असावी लागते, आणि वाढत्या शहराच्या कडेला ती आपोआप शिल्लक राहत नाही. या बाबतीत जगात एक उल्लेखनीय उदाहरण आहे ते एका चॉकलेटवाल्याचे.

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम हे सोलापूरसारखेच कामगारांचे शहर, आकाराने अर्थातच कितीतरी मोठे. तेथे जॉन कॅडबरी यांनी १८२४ मध्ये दुकान थाटले. त्यांचे पुत्र रिचर्ड आणि जॉर्ज यांनी १८६१ मध्ये धंदा हाती घेतला आणि १८७९ मध्ये कारखाना धुरकट शहरातून बाहेर, बोर्नव्हिल येथे हलविला. जॉर्ज कॅडबरी यांनी कारखान्याभोवती वस्ती वसविली आणि १९०० मध्ये ती एका विश्वस्त संस्थेच्या हवाली केली. तेव्हा तेथे ३३० एकर जमीन आणि ३१३ घरे होती. घरे केवळ कारखान्याच्या नोकरांसाठी नव्हती, आणि वसाहतीचा दहावा हिस्सा उद्याने व मोकळ्या मैदानांसाठी राखावा, असा दंडक होता. शहराच्या नैर्ऋत्येस लिकी नावाच्या टेकड्या आहेत. तेथील बीकन हिल ही टेकडी जॉर्ज यांच्या एडवर्ड, जॉर्ज (धाकटे) आणि हेन्री या पुत्रांनी १९०७ मध्ये विकत घेऊन शहराला देऊन टाकली. सगळेच काही दानात मिळाले नाही. शेजारची रोझ हिलची मालमत्ता शहराने १९२३ मध्ये याच घराण्याकडून पैसे मोजून घेतली. पण दान आणि महापालिकेचा खर्च यांच्या जोडीने टेकड्या सर्वांना खुल्या झाल्या, आणि आजही एप्रिलच्या अखेरीस तेथील झाडांखाली ब्लूबेल या निळ्या रानफुलांचे ताटवे पाहायला लोक चालत जातात. १९८१ च्या कायद्यान्वये ब्रिटनमध्ये ही रोपे उपटून विकणे गुन्हा आहे.

या औदार्याला एक काळी कडाही आहे, तीही सांगितली पाहिजे. कॅडबरीचा पुष्कळसा कोको पोर्तुगीजांच्या ताब्यातील साओ टोमे बेटावरून येत असे आणि तेथे मजुरांना जवळजवळ गुलामीत राबविले जाई. हे कानावर आल्यानंतरही कंपनीने खरेदी बंद करण्यास १९०९ साल उजाडू दिले. त्याच वर्षी एका वृत्तपत्राविरुद्धचा बदनामीचा खटला कंपनीने जिंकला, परंतु ज्यूरीने भरपाई मंजूर केली ती एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा! दानाचा हिशेब तपासताना पैसा कोठून आला, हे पाहणारे लोक तेव्हाही होते.

सोलापूरचाही एक चॉकलेटवाला आहे, फक्त त्याला कोणी त्या नावाने ओळखत नाही. मराठी घरांत चॉकलेट म्हणजे कोकोची वडीच असली पाहिजे असे नाही. कागदात गुंडाळलेली कोणतीही गोड गोळी म्हणजे चॉकलेट, आणि वाढदिवसाला वर्गात वाटायची ती 'रावळगाव'ची. हे रावळगाव नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ, पण तेथे १९३३ मध्ये साखर कारखाना उभारणारे शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापुरात झाला. रेल्वेच्या कंत्राटांपासून सुरुवात करून १९१९ मध्ये सिंदिया ही जहाज कंपनी, १९४० मध्ये बंगळूर येथे विमान कारखाना आणि १९४४ मध्ये प्रीमियर ही मोटार कंपनी असा त्यांचा पसारा. त्यात १९४२ मध्ये रावळगावला गोळ्यांचे उत्पादन सुरू झाले, ही बाब त्यांच्या चरित्रात बहुधा तळटीपेइतकीच. तरी विमान आणि जहाज यांपेक्षा पान पसंद व मँगो मूड या गोळ्यांनीच सामान्य माणसाच्या खिशात अधिक प्रवेश केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये या गोळ्यांची नाममुद्रा आणि पाककृती २७ कोटी रुपयांना रिलायन्स समूहाच्या कंपनीकडे गेल्या.

सोलापुरात वालचंद यांचे नाव कला व विज्ञान महाविद्यालयाला आणि अभियांत्रिकी संस्थेला आहे. त्यांचे वडील हिराचंद नेमचंद यांचे नाव वाणिज्य महाविद्यालयाला व वाचनालयाला आहे. आपल्या व्यापारी घराण्यांची दानशूरता शाळा, वसतिगृह, धर्मशाळा, दवाखाना आणि देवालय या वाटांनी गेली. ज्या काळात शिक्षणच दुर्मीळ होते, त्या काळात हा क्रम योग्यच होता. मात्र मोकळी जमीन, तशीच्या तशी, लोकांनी नुसते चालावे म्हणून देऊन टाकावी, ही कल्पना आपल्याकडच्या धनिकांना फारशी सुचली नाही.

याचा अर्थ आपल्याकडे ती कल्पनाच नव्हती असा नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून तलाव उभा केला, असे परंपरा सांगते. तो या गावाचा सर्वांत जुना सार्वजनिक ठेवा. देवाच्या नावाने राखलेली देवराई आणि गुरांसाठी राखलेले गायरान हीदेखील सामाईक मोकळ्या जागेचीच रूपे. तरवड, नेपती आणि वाघाटी आज टिकून आहेत ती प्रामुख्याने गायरानात आणि शेताच्या बांधावर. पण कागदोपत्री 'पडीक' असा शिक्का बसलेल्या जमिनीकडे प्रत्येकाचा डोळा असतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे आदेश राज्यांना दिले. त्यानंतरही गायराने आक्रसत आहेत. बांध तर दर मोजणीला अरुंद होतात आणि बांधावरचा पळस पहिल्यांदा जातो, कारण पत्रावळी प्लास्टिकच्या झाल्या आणि होळीचा रंग पुडीत आला.

दुसरा धोका सद्हेतूचा आहे. उघडा माळ दिसला की तेथे झाडे लावण्याची ऊर्मी येते. नान्नजचा माळढोक अभयारण्याचा दर्जा १९७९ पासूनचा. माळढोक पक्ष्याला झाड नको, विस्तीर्ण गवत हवे असते. तरीही गेल्या काही दशकांत माळांवर गिरिपुष्पासारखी परदेशी झाडे मोठ्या प्रमाणावर लावली गेली. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची गुलाबी फुले इतकी देखणी दिसतात की, पुष्कळजण त्यालाच रानवैभव समजतात. त्याच्या दाट सावलीत मूळची गवते व रोपे मात्र टिकत नाहीत. त्यात फाल्गुन-चैत्रात 'नवे गवत चांगले येते' म्हणून माळाला आग लावण्याची सवय. अशा आगीत भुईवर घरटी करणारे पक्षी आणि वाळलेले बी दोन्ही जळते.

फुले पाहायला जाणाऱ्याने पाळावयाची पथ्ये फार नाहीत. रंगासाठी पळसाची फुले हवी असतील तर झाडाखालची वेचावीत, फांदी मोडू नये. शेताच्या बांधावरून जाताना मालकाला विचारावे. विडीचे थोटूक तर माळावर टाकूच नये. आणि पळस सरला म्हणून फिरणे थांबवू नये, कारण एप्रिलच्या मध्यापासून बहाव्याचे पिवळे घोस लोंबू लागतात आणि रात्री शिरीषाचा वास येतो. वाघाटीची फुले तोवर झडून हिरवी, लिंबाएवढी फळे धरू लागलेली असतात. आषाढी एकादशीचा उपवास द्वादशीला सोडताना ज्यांच्या घरी वाघाटीची भाजी लागते, ते ती फळे मंडईतून शोधून आणतात.