रिटायर झाल्यावर गावी उन्हाळ्यात आम्ही दिवसभर करतो काय?

मागे जो खडखड आवाज येतोय ना, तो नेटवर्कचा नाही. आमच्या छपरावर दोन गडी कौलं परततायत. त्यांना जरा थांबा म्हणाले असते, पण त्यांची तारीख मी होळीच्या आधीच घेऊन ठेवली होती. आज थांबले तर परत कधी येतील, देव जाणे. तेव्हा आजचा एपिसोड या आवाजासकट ऐका.

गेल्या वेळी एकीने विचारलं होतं, "काकू, रिटायर होऊन गावी राहता, मज्जा आहे तुमची! पण दिवसभर करता काय?" मला हसू आलं. मुंबईत चौतीस वर्षं नोकरी केली, तोपर्यंत मीही हेच समजत होते. मे महिना म्हणजे राजापूरजवळच्या सासरच्या घरी पंधरा दिवस यायचं, आंबे खायचे, परत जायचं. इथे कायमचं राहायला आल्यावर कळलं, की उन्हाळ्यातली कामं उन्हाळ्यासाठी नसतातच. ती पावसाळ्यासाठी असतात.

आता हे नीट समजून घ्या. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्यात साधारण ७०० पडतो. आणि आमचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुनी माणसं ७ जूनच्या आसपासचं मृग नक्षत्र धरून चालतात. एकदा पाऊस लागला की मीठसुद्धा पाणी सोडतं. लाकडं, मिरची, पापड, आमसुलं, जे काही वाळवायचं ते त्याच्या आत. या बेगमीला इकडे आगोट भरणं म्हणतात. ऑफिसात मार्च एंड असायचा, इथे मे एंड असतो.

मग तुम्ही म्हणाल, एवढा पाऊस पडतो तर तुम्ही मे महिन्यात पाणी-पाणी का करता? कारण आमची जमीन. वर जांभा दगड, सच्छिद्र. त्यात उतार. पाणी मुरतं तेवढंच भराभर झिरपून वहाळातून खाडीला जातं. त्यामुळे पहाटे पाचला उठून आमचे हे आधी विहिरीत डोकावतात. सध्या पंप वीस मिनिटं चालतो, मग गढूळ येतं. तेवढ्यात घरचं पाणी भरायचं आणि माडांना शिंपण करायचं. आळ्यात पालापाचोळ्याचा जाड थर टाकला की ओल टिकते, एक दिवसाआड पाणी दिलं तरी चालतं.

आता छप्पर. मंगलोरी कौलं एकमेकांच्या खाचेत अडकलेली असतात. माकडं उड्या मारतात, कौलं सरकतात, फुटतात. सांध्यात पाला साचला की पाणी खाली न जाता उलटं आत येतं आणि वासे कुजतात. म्हणून दरवर्षी कौलं काढायची, झाडायची, फुटकी बदलायची. दोन वर्षांपूर्वी हे स्वतःच चढले, शिडीवरून घसरले, मनगट मोडलं. तेव्हापासून नियम केलाय, शिडीवर आम्ही दोघांनीही चढायचं नाही. मजुरीचे पैसे जातात, जाऊ देत.

आणि माझं खरं काम म्हणजे आमसुलं. तुम्ही सोलकढी पिता, त्यातलं कोकम. पिकलेले लाल रातांबे धुवायचे, अर्धे कापायचे, आतला गर आणि बिया वेगळ्या काढायच्या. सालं उन्हात. गराच्या रसात मीठ घालायचं, त्यात ती वाळलेली सालं भिजवायची, परत उन्हात टाकायची. याला पुटं देणं म्हणतात. असं चार-पाच वेळा, सालं काळपट आणि मऊ होईपर्यंत. मीठ आणि ऊन दोघं मिळून पाणी काढून घेतात, म्हणून बुरशी धरत नाही. भांडं ॲल्युमिनियमचं नको, आंबट रस त्याला खातो. बियाही टाकायच्या नाहीत. त्यांचं तेल निघतं, घट्ट गोळा होतो, भेगाळलेल्या टाचांना लावतात.

हे सगळं मला शेजारच्या आजींनी शिकवलं. गेल्या मेमध्ये त्या अंथरुणाला खिळलेल्या. मी एकटीने केलं, ढग दिसले म्हणून घाबरून दोन पुटं कमी दिली आणि बरणी भरली. गणपतीत झाकण उघडलं तर वर पांढरी बुरशी. आजींना दाखवलं. त्यांनी बरणी नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "ऊन कमी पडलं गो." बस, एवढंच.

माघात आजी गेल्या.

पुण्याचा पुतण्या म्हणतो, काकू, दीडशे-दोनशे रुपयांची गोष्ट, विकत आण ना. बरोबर आहे त्याचं. पण मला एक गोष्ट सतत खातेय. मी हातात फोन घेऊन इतके एपिसोड केले, पावसाचा आवाज रेकॉर्ड केला, कोंबड्याचा केला. आजींचा आवाज माझ्याकडे एकाही फाइलमध्ये नाही. रोज वाटायचं, त्या काय, शेजारीच आहेत, करू उद्या.

यंदा पाच पुटं दिली. आमसूल बोटांत दाबून बघते, चिकट लागायला हवं, पण रस सुटायला नको. माझं बरोबर आलंय असं वाटतं. नक्की सांगणारं कुणी नाही. ते गणपतीत कळेल.

तर मंडळी, आजचा होमवर्क. घरात आजी असेल, आजोबा असतील, एखादी मावशी असेल, तर त्यांना एकच काम विचारा, "हे तुम्ही कसं करता?" फोन बाजूला ठेवून रेकॉर्डिंग चालू करा आणि मध्ये बोलू नका. मिक्सरचा आवाज आला तरी चालेल.

पुढच्या भागात आंब्याची आढी कशी लावतात ते सांगते. चला, गडी खाली उतरलेत, चहा टाकायला हवा.