लाकडी की पोलादी? एका पार्कच्या वहीतला हिशेब

मनोरंजन हासुद्धा धंदाच आहे. भांडवल, मजुरी, दुरुस्ती, घसारा, सगळे त्यात आपल्या धंद्यासारखेच. उरुसात आणि जत्रेत आकाशपाळणा लावणारे आपले बांधव हे चांगले जाणतात. परदेशात हाच धंदा शेकडो एकरांच्या पार्कांत चालतो आणि तिथल्या मालकांपुढे एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. नवा रोलर कोस्टर घ्यायचा तर लाकडी घ्यावा की पोलादी? वरवर पाहता हा हौसेचा प्रश्न वाटेल. आम्हा कापडवाल्यांना मात्र तो सादा लूम आणि रॅपिअर यांच्यातला प्रश्न दिसतो. एकदाच भारी रक्कम मोजून मोकळे व्हावे, की कमी रक्कम मोजून रोज मिस्त्री उभा ठेवावा?

अमेरिकेत ओहायो राज्यात, सिनसिनाटी शहराजवळ, किंग्ज आयलंड नावाचे पार्क आहे. ते १९७२ साली सुरू झाले. या एकाच पार्कने लाकूडही घेतले, पोलादही घेतले, नफाही पाहिला आणि जबर तोटाही सोसला. म्हणून त्याचीच वही उघडू.

आधी माल ओळखू या. लाकडी कोस्टर म्हणजे केवळ लाकडी खांबांचा नव्हे. खरा फरक रुळात असतो. लाकडी रूळ म्हणजे फळ्यांचे थर एकावर एक बसवायचे आणि वर पोलादाची चपटी पट्टी ठोकायची. त्यावरून गाडी धावते तेव्हा सगळा सांगाडा किंचित हलतो. खडखडाट होतो, आणि गिऱ्हाईक त्या खडखडाटासाठीच येते. पोलादी रूळ कारखान्यात नळीसारखा वळवून आणतात आणि जागेवर बोल्टने जोडतात. या नळीच्या रुळाची सुरुवात १९५९ साली कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये मॅटरहॉर्न या झुल्याने झाली. तिथून पुढे गाडी उलटी करता येऊ लागली, उंचीही वाढत गेली आणि प्रवास गुळगुळीत झाला.

किंग्ज आयलंडने १९७९ साली 'द बीस्ट' हा लाकडी कोस्टर उभा केला. लांबी ७,३५९ फूट. आजही जगातला सर्वांत लांब लाकडी कोस्टर तोच. त्याचा आराखडा पार्कच्या पगारी माणसांनीच केला. जागा डोंगराळ आणि झाडीची होती. त्यांनी जमीन सपाट करण्याऐवजी रूळच जमिनीच्या चढउतारावरून नेला. त्यामुळे सांगाड्याची उंची वाचली आणि गिऱ्हाइकाला जंगलातून जाण्याची मजा आयती मिळाली. असलेल्या जमिनीचा असा फायदा घेणारा माणूस धंद्यात कमी दिसतो.

पण बीस्ट जिवंत आहे तो सुतारांच्या हातावर. लाकूड उन्हाळ्यात सुकते, पावसात फुगते आणि चाकांच्या माराने बोल्ट ढिले पडतात. म्हणून रोज सकाळी पार्क उघडण्याआधी सुतार रुळावरून चालत जातो, फळी बघतो, बोल्ट आवळतो. हिवाळ्यात पार्क बंद असते तेव्हा झिजलेला रूळ काढून नवा घालतात. २०२२ च्या हंगामासाठी बीस्टचा २,००० फुटांहून अधिक रूळ बदलला आणि पहिला उतार ४५ अंशांवरून ५३ अंशांवर नेला. म्हणजे त्रेचाळीस वर्षांचा जुना माल दुरुस्तीतच पहिल्यापेक्षा तेज झाला! पोलादात अशी सोय सहसा नसते.

आता तोट्याचे पान.

२००० साली पार्कने 'सन ऑफ बीस्ट' आणला. उंची २१८ फूट, वेग ताशी सुमारे १२५ किलोमीटर. त्या वेळी जगातला सर्वांत उंच आणि सर्वांत वेगवान लाकडी कोस्टर तोच होता. भर म्हणून त्यात गाडी पूर्ण उलटी करणारे कडेही बसवले. कडे पोलादाचे, बाकी रूळ लाकडाचा. अशी गाडी वजनदार लागते आणि त्या वजनाचा मार रोज त्या फळ्यांवर पडत होता. ९ जुलै २००६ रोजी सांगाड्यातले एक लाकूड फुटले आणि रूळ त्या ठिकाणी खचला. रस्त्यातल्या खड्ड्यावरून गाडी जावी तशी भरलेली गाडी त्यावरून गेली. २७ माणसे जखमी झाली.

यात व्यापाऱ्याने लक्षात घ्यावी अशी एक बाब आहे. हे पार्क अपघाताच्या जेमतेम नऊ दिवस आधी पॅरामाउंटकडून सीडर फेअर या कंपनीकडे गेले होते. जुन्या मालकाने भरलेला माल नव्याच्या गळ्यात पडला. दुकान गल्ल्यासकट विकत घेताना गाठी उघडून बघाव्यात असे आपले वडीलधारे सांगत, ते यासाठीच. नव्या मालकाने कडे काढून टाकले, दुसऱ्या बंद पडलेल्या पार्कची हलकी गाडी आणून लावली आणि २००७ साली झुला पुन्हा सुरू केला. २००९ साली एका गिऱ्हाइकाची तक्रार आली आणि तो कायमचा थांबला. २०१२ साली पाडून टाकला. लाकडाच्या कुवतीपलीकडचे काम लाकडाकडून करून घ्यायला गेले, की असे होते.

त्याच जमिनीवर २०१४ साली 'बॅन्शी' उभा राहिला, पोलादी. खर्च २ कोटी ४० लाख डॉलर. बनावट स्वित्झर्लंडच्या बॉलिजर अँड माबियार या कंपनीची. खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेल्या इमॅजिका पार्कातला 'नायट्रो' हा पोलादी कोस्टर याच कंपनीचा आहे. म्हणजे हा माल आपल्या उंबरठ्यापर्यंत आलेला आहे.

कुणाला वाटेल, विषय संपला, लाकूड हरले. पण तसे झाले नाही. त्याच पार्कने, त्याच मालकाने २०१७ साली पुन्हा लाकडी कोस्टर घेतला. नाव 'मिस्टिक टिंबर्स'. या वेळी उंची ठेवली फक्त १०९ फूट, म्हणजे सन ऑफ बीस्टच्या निम्मी. खर्च दीड कोटी डॉलर. त्या वर्षीचा उत्तम नवा झुला म्हणून त्याला गोल्डन तिकीट पुरस्कार मिळाला. पुढे २०२० साली पोलादी 'ओरायन' आला. उतार ३०० फुटांचा, वेग ताशी सुमारे १४६ किलोमीटर आणि खर्च ३ कोटी डॉलर. पार्क एकच, अंतर तीन वर्षांचे आणि रक्कम बरोबर दुप्पट.

आमच्या मते खरा हिशेब इथे सुरू होतो. ३ कोटी घालून काय मिळाले? जाहिरातीचा फलक मिळाला. शंभर मैलांवरचा तरुण तीनशे फुटांच्या नावाने गाडी काढतो. दीड कोटीत मिळाले घरातले सगळे गिऱ्हाईक. मिस्टिक टिंबर्सवर ४८ इंच उंचीचे मूल बसू शकते, ओरायनला ५४ इंच लागतात. सहा इंच म्हणजे थोडे वाटतात. पण आईबापांबरोबर आलेले आठ-नऊ वर्षांचे मूल त्या सहा इंचांत बाहेर राहते, आणि मूल बाहेर राहिले की आईसुद्धा त्याच्याजवळ बाहेर थांबते. दोन तिकिटांची माणसे रांगेबाहेर गेली.

आणि पोलाद घेतले की दुरुस्ती सुटली, हा समज कुणी बाळगू नये. फरक इतकाच की सुताराच्या जागी वेल्डिंग तपासणारा येतो. लाकूड बिघडण्याआधी कुरकुरते, हलते, कारागिराला खबर देते. पोलादातला तडा मुकाट वाढतो. २०२३ च्या जून महिन्यात कॅरोविन्ड्स या, त्याच कंपनीच्या दुसऱ्या पार्कात 'फ्युरी ३२५' या पोलादी कोस्टरच्या खांबाला आरपार भेग पडली. ती पहिल्यांदा पाहिली कुणी? एका गिऱ्हाइकाने, खाली उभे राहून! झुला बंद झाला, खांब बदलला आणि ऑगस्टमध्ये तो पुन्हा सुरू झाला. ऐन हंगामातले पाच-सहा आठवडे गेले.

मजुरीची बाजूही बघावी. पोलादी झुल्याची रक्कम एकदम कारखान्याकडे जाते. किंग्ज आयलंडचे नशीब असे की या स्विस कंपनीचे रूळ ओहायोतच, बॅटाव्हिया गावच्या कारखान्यात घडतात. सगळ्यांचे असे नसते. लाकडी झुल्याचा पैसा वर्षानुवर्षे थोडाथोडा करून गावातल्या सुताराच्या घरात जातो. मालकाला तो खर्च वाटतो, पण त्या खर्चातून जाणता कारागीर तयार होतो, आणि तो एकदा सुटला की बाजारात दुसरा मिळत नाही. लूमच्या जॉबरबद्दल हेच आम्ही रोज अनुभवतो.

हल्ली तिसरी वाटही निघाली आहे. लाकडी सांगाडा ठेवायचा आणि त्यावर नवा पोलादी रूळ चढवायचा. रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन या कंपनीने २०११ साली टेक्सासमधला जुना 'टेक्सास जायंट' असा बदलून दिला. ओहायोतच सीडर पॉइंटमध्ये १९९१ चा 'मीन स्ट्रीक' हादरे देऊ लागला होता. तो २०१६ साली बंद केला आणि २०१८ साली 'स्टील व्हेंजन्स' म्हणून उभा केला. जपानमधल्या नागाशिमा स्पा लँडने १९९४ चा 'व्हाइट सायक्लोन' २०१८ साली थांबवून २०१९ साली 'हाकुगेई' केला. जुन्या लूमची चौकट ठेवून आतले सामान बदलतात, तसाच हा प्रकार. पाया भक्कम असेल तर वाईट नाही. पण या तिन्ही झुल्यांत लाकडी रुळाचे सुतारकाम संपले, तेही वहीत लिहावे लागेल.

जुन्या मालाच्या बाजारात रस असणाऱ्या बांधवांसाठी आणखी एक नोंद. पेनसिल्व्हेनियात नोबेल्स नावाचे पार्क आहे, तिथे आत जायला तिकीट नाही. त्यांनी टेक्सासच्या सॅन अँटोनिओ शहरातल्या एका बंद पार्कमधला १९४० च्या दशकातला लाकडी कोस्टर विकत घेतला. नकाशे हाती नव्हते. मग एकेका फळीवर नंबर टाकून सगळा सांगाडा उतरवला, दीड हजार मैल नेला आणि १९८५ साली 'फीनिक्स' या नावाने पुन्हा उभा केला. आजही त्याच्यापुढे रांग लागते. कोट्यवधी डॉलरचे नवे झुले बाजूला ठेवून शौकिनांनी अनेक वेळा त्यालाच सर्वोत्तम लाकडी कोस्टर ठरवले आहे.

आमचे मत विचाराल तर मध्यम पार्कने पहिला मोठा झुला लाकडी घ्यावा, उंची सव्वाशे फुटांच्या आत ठेवावी आणि कंत्राटावर सही करण्याआधी चार सुतार बारमाही पगारावर नेमावेत. सुतार नेमायची तयारी नसेल तर सरळ पोलाद घ्यावे आणि तपासणीचा खर्च पहिल्या वर्षापासून बाजूला काढावा. आपल्या पावसात लाकडाला जास्त राखण लागेल हे खरे. पण जत्रेतला मौत का कुआँ फळ्यांचाच असतो. तो दर मुक्कामी उतरवून पुन्हा जोडणारी, आतून मोटारसायकल फिरण्याआधी फळीन्‌फळी ठोकून पाहणारी माणसे आपल्याकडे आहेत. उद्या एखाद्या पार्कवाल्याने इथे लाकडी कोस्टर मनावर घेतला, तर सुताराच्या शोधात त्याने पहिली चक्कर त्यांच्या तंबूत मारावी.